प्रकाशवर्ष आणि अवकाशातली अंतरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बिणीतून तारा दाखवला की पहिला प्रश्न येतो, "किती लांब आहे?" आकडा सांगितला की दुसरा येतो, "कुणी मोजलं?" दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. अवकाशातल्या प्रत्येक अंतरामागे एक पद्धत असते आणि त्या पद्धतीला चुकीची एक मर्यादा असते. म्हणून खालच्या उत्तरांत आकडा किती, तो निघतो कसा आणि फसतो कुठे, हे तिन्ही सांगितलं आहे.

प्रकाशवर्ष हा काळ आहे की अंतर?

अंतर. नावात 'वर्ष' असल्यामुळे घोटाळा होतो. पण आपण रोजच्या बोलण्यात हेच करतो. "कोल्हापूर इथून पाच तास" असं कुणी म्हटलं की आपण ते अंतर म्हणूनच ऐकतो, एसटीचा वेग मनात धरलेला असतो. एसटी घाटात अडकते. निर्वात पोकळीतला प्रकाश अडकत नाही, त्याचा वेग सगळीकडे सारखाच. म्हणून ही बोलण्याची पद्धत तिथे काटेकोर मोजमाप होऊ शकते.

"चार प्रकाशवर्षांपूर्वी" हे वाक्य चूक, "चार प्रकाशवर्षं दूर" हे बरोबर. बातम्यांत पहिलं वाक्य अजूनही दिसतं.

एक प्रकाशवर्ष म्हणजे नेमके किती किलोमीटर?

गणित दोन ओळींचं आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. हा आकडा आता मोजला जात नाही. १९८३ साली मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केली गेली, तेव्हापासून तो ठरवून दिलेला आहे. वर्ष घ्यायचं ते ज्यूलियन, म्हणजे ३६५.२५ दिवसांचं. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणून वर्षाचे ३,१५,५७,६०० सेकंद. गुणाकार केला की उत्तर येतं ९४,६०,७३,०४,७२,५८० किलोमीटर आणि वर थोडं, म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर.

विद्यार्थी नेहमी ३६५ दिवस धरतात आणि उत्तर पुस्तकाशी जुळत नाही म्हणून गोंधळतात. पाव दिवसाने काय होतंय, असं वाटतं खरं. पण पाव दिवसात प्रकाश ६४८ कोटी किलोमीटर जातो. सूर्यापासून प्लूटोचं सरासरी अंतर याहून कमी आहे, सुमारे ५९० कोटी.

बातमीत कधी कोटी, कधी अब्ज, कधी बिलियन असतं. खरं किती समजायचं?

मूळ इंग्रजी आकडा सापडत असेल तर तो पाहावा. एक मिलियन म्हणजे १० लाख. एक बिलियन म्हणजे १०० कोटी, यालाच आपण अब्ज म्हणतो. एक ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे 'बिलियन'ला कोटी करणं. त्यात अंतर थेट शंभर पटींनी घटतं. खर्व, निखर्व हे शब्द टाळलेले बरे, प्रत्येक जण त्यांचा वेगळा अर्थ धरतो.

शंका आली तर एक साधी चाळणी वापरा. उघड्या डोळ्यांनी दिसणारा सुटा तारा असेल तर अंतर काही प्रकाशवर्षं ते काही हजार प्रकाशवर्षं असणार. दुसरी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह असेल तर लाखांपासून पुढे. "शेजारच्या दीर्घिकेतला तारा ५०० प्रकाशवर्षांवर" असं कुठे वाचलंत तर शून्यं गळाली आहेत हे नक्की.

आपल्या सूर्यमालेत प्रकाशवर्ष का वापरत नाहीत?

कारण ते फार मोठं माप आहे. विहिरीचं पाणी कुणी टीएमसीत मोजत नाही. सूर्यमालेसाठी खगोलीय एकक असतं, म्हणजे ढोबळमानाने पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने २०१२ साली ते १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर असं कायमचं ठरवून टाकलं. एका प्रकाशवर्षात अशी ६३,२४१ एककं बसतात.

प्रकाशाच्याच भाषेत बोलायचं तर चंद्र १.३ सेकंदांवर, सूर्य ८ मिनिटं १९ सेकंदांवर, गुरू तो आणि आपण कुठे आहोत त्यानुसार ३३ ते ५४ मिनिटांवर, नेपच्यून चार तासांच्या थोडा पुढे. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. एक प्रकाश-दिवस, म्हणजे सुमारे २,५९० कोटी किलोमीटर इतकं दूर जायला त्याला जवळजवळ पन्नास वर्षं लागतात. त्याच वेगाने एक प्रकाशवर्ष तोडायला साडेसतरा हजार वर्षं.

पार्सेक म्हणजे काय? शास्त्रज्ञ प्रकाशवर्षाऐवजी तेच का वापरतात?

एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. शास्त्रज्ञांना ते सोयीचं पडतं, कारण ताऱ्याचं अंतर मोजताना हाताला प्रत्यक्ष लागतो तो एक कोन, आणि त्या कोनाचा व्यस्त घेतला की पार्सेकमधलं अंतर सरळ मिळतं. प्रकाशवर्ष हे लोकांना सांगायचं माप, पार्सेक हे वहीतलं माप. हा कोन नेमका कोणता, ते पुढे येतंच.

सूर्यापर्यंत फूटपट्टी कुणी लावली?

थेट कुणीच नाही, आणि रडारनेही सूर्य नीट मोजता येत नाही. सूर्याला टणक पृष्ठभाग नाही. रेडिओ लहरी त्याच्या प्रभामंडळातच विस्कटतात, स्वच्छ प्रतिध्वनी येत नाही. मोजलं जातं ते शुक्राचं अंतर.

ग्रहाचा प्रदक्षिणेचा काळ आणि त्याचं सूर्यापासूनचं अंतर यांची सांगड घालणाऱ्या केप्लरच्या तिसऱ्या नियमावरून ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरं सतराव्या शतकातच कळली होती. शुक्राची प्रदक्षिणा २२४.७ दिवसांची, त्यावरून त्याचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या ०.७२३ पट. म्हणजे नकाशा तयार होता, फक्त त्याखाली 'एक सेंटिमीटर बरोबर इतके किलोमीटर' ही ओळ नव्हती. सूर्यमालेतलं कुठलंही एक अंतर किलोमीटरमध्ये मिळालं की सगळी मिळणार होती.

त्यासाठी शुक्राचं अधिक्रमण वापरायचं ठरलं. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीवरच्या दोन लांबच्या ठिकाणांहून किंचित वेगळ्या रेषेवरून जाताना दिसतो. त्या फरकावरून अंतर निघतं. १७६१ आणि १७६९ च्या अधिक्रमणांसाठी युरोपातून जगभर निरीक्षक गेले. फ्रान्सचा ल जांतील पाँडिचेरीला निघाला, पण ते ब्रिटिशांनी घेतल्याने ६ जून १७६१ ला तो भर समुद्रात हलत्या जहाजावर होता आणि त्याच्या निरीक्षणाचा उपयोग झाला नाही. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षं याच भागात थांबला. ४ जून १७६९ ला पाँडिचेरीत वेधशाळा सज्ज होती, आणि नेमके ढग आले. ज्यांना आकाश निरभ्र मिळालं त्यांचीही अडचण झालीच. शुक्राचा काळा ठिपका सूर्याच्या कडेला चिकटून थेंबासारखा ओघळल्याचा भास होतो, त्यामुळे स्पर्शाचा नेमका सेकंद ठरवता येत नाही.

१९६१ साली शुक्रावर रडार मारून हा प्रश्न निकालात निघाला. शुक्र जवळ असताना, म्हणजे सुमारे ४.१ कोटी किलोमीटरवर, लहर जाऊन परत यायला साडेचार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. हा वेळ घड्याळाने मोजायचा, प्रकाशाच्या वेगाने गुणायचं आणि निम्मं करायचं. निम्मं करायला विसरणं ही परीक्षेत हमखास दिसणारी चूक.

आणि चंद्र?

चंद्राला लेझर. अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी तिथे परावर्तक ठेवले, दोन सोव्हिएत लुनोखोद गाड्यांवरही ते आहेत. इथून लेझरचा झोत सोडायचा आणि अडीच सेकंदांनी परत येणारे मोजकेच प्रकाशकण टिपायचे. यातून चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो हे कळलं. पुस्तकातला ३,८४,४०० किलोमीटर हा सरासरी आकडा आहे. प्रत्यक्षात चंद्र साधारण ३.६ ते ४.०६ लाख किलोमीटरच्या दरम्यान ये-जा करतो.

चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवरही एक छोटा परावर्तक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकी यानाने त्यावर लेझर मारून उत्तर मिळवलं. तो पृथ्वीवरून मोजण्यासाठी नाही, चंद्राभोवतीच्या यानांना खूण म्हणून आहे.

ताऱ्यापर्यंत लेझर पोहोचत नाही. मग?

कोन मोजायचा. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा उडी मारताना दिसेल. ही उडी म्हणजे पराशय. अंगठा डोळ्यांजवळ आणा, उडी वाढेल. लांब न्या, कमी होईल.

शाळेच्या मैदानावर याचा खरा प्रयोग करता येतो. मोजायला एखादं झाड किंवा खांब निवडा. त्याच्या मागे, शक्य तितक्या दूर, एक ठळक खूण हवी. डोंगरावरचा टॉवर उत्तम. झाडाकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात टेपने १० मीटर मोजून दोन खुंट्या ठोका. दोन्ही खुंट्यांपाशी उभं राहून झाड आणि टॉवर यांच्यातला कोन मोजा. पुठ्ठ्यावर मोठा कोनमापक चिकटवून मधोमध टाचणी आणि वर फिरणारी शीतपेयाची नळी लावली तरी काम भागतं. झाड दोन्ही ठिकाणांहून टॉवरच्या एकाच बाजूला दिसत असेल तर दोन कोनांची वजाबाकी करायची, दोन बाजूंना दिसत असेल तर बेरीज. मग अंतर = पायारेषा × ५७.३ ÷ कोन. कोन ४ अंश आला तर झाड १४३ मीटरवर.

आता चूक कशी वाढते ते पाहा. घरच्या कोनमापकाने एक अंश इकडेतिकडे होतोच. कोन ५ धरला तर उत्तर ११५ मीटर, ३ धरला तर १९१ मीटर. कमी बाजूला २८ मीटरची चूक, जास्त बाजूला ४८ ची. ही असमान चूक लक्षात ठेवा, ताऱ्यांच्या बाबतीत ती पुन्हा भेटणार आहे. उपाय दोनच: पायारेषा वाढवा किंवा कोन बारीक मोजा. आणखी एक गोष्ट: मागची खूण फार लांब नसेल तर तीही सरकते आणि झाड आहे त्यापेक्षा लांब असल्याचं उत्तर येतं.

ताऱ्यांसाठी पायारेषा म्हणजे पृथ्वीची कक्षा. आज एक नोंद, सहा महिन्यांनी दुसरी. मध्ये ३० कोटी किलोमीटर. दिसलेल्या एकूण सरकण्याचा निम्मा कोन म्हणजे त्या ताऱ्याचा पराशय. तो बरोबर एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग भरला तर तारा एक पार्सेकवर.

हा कोन किती लहान असतो?

दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर रुंद आहे. ते साडेपाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढी एक विकला. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, याचा पराशय यापेक्षाही कमी, ०.७६८ विकला, म्हणून अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. एक विकला पराशय असलेला ताराच नाही.

त्यामुळे पृथ्वी खरंच फिरते तर तारे सरकत का नाहीत, या आक्षेपाला कोपर्निकसनंतर जवळजवळ तीनशे वर्षं पुरावा देता आला नाही. १८३८ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या मंद ताऱ्याचा पराशय ०.३१४ विकला मोजला. आजचा आकडा ०.२८६ आहे आणि अंतर ११.४ प्रकाशवर्षं. ती मापं दुर्बिणीला डोळा लावून घेतलेली होती हे लक्षात घेतलं तर दहा टक्क्यांची चूक म्हणजे काहीच नाही.

जमिनीवरून मोजताना वातावरण आड येतं. हवेच्या हालचालीने ताऱ्याचं बिंबच एक विकला किंवा त्याहून जास्त पसरतं, आणि शोधायचा असतो त्याचा शंभरावा भाग. म्हणून १९८९ साली हिप्पार्कोस आणि २०१३ साली गाया ही युरोपीय यानं अवकाशात गेली. हिप्पार्कोसने सुमारे १ लाख १८ हजार तारे मोजले. गायाच्या २०२२ च्या यादीत जवळजवळ १४६ कोटी ताऱ्यांचे पराशय आहेत. गायाचं निरीक्षण जानेवारी २०२५ मध्ये थांबलं, पण तिने जमवलेल्या माहितीवरचं काम अजून चालू आहे.

मला स्वतःला एखाद्या ताऱ्याचं अंतर काढायचं असेल तर?

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या केंद्राचा सिंबाद हा माहितीसाठा सर्वांना खुला आहे. ताऱ्याचं इंग्रजी नाव टाका आणि पराशयाची ओळ शोधा. आकडा मिलिविकलांमध्ये, म्हणजे विकलेच्या हजाराव्या भागांत असतो. १,००० ला त्या आकड्याने भागा, पार्सेक मिळतील. त्याला ३.२६१६ ने गुणा, प्रकाशवर्षं मिळतील.

अभिजितचा पराशय १३०.२३. भागाकार ७.६८ पार्सेक, गुणाकार २५ प्रकाशवर्षं. झालं.

पण शेजारी चुकीची मर्यादा दिलेली असते, ती वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. ज्येष्ठाचा हिप्पार्कोसचा पराशय ५.८९ आहे, अधिक-उणे १.००. दहा रुपयांचं तेच नाणं साडेनऊशे किलोमीटरवरून पाहिल्यासारखा हा कोन. नागपूर ते दिल्ली सरळ अंतराहूनही लांबून. मधला आकडा धरला तर ५५४ प्रकाशवर्षं, पण चुकीची दोन टोकं धरली तर ४७३ आणि ६६७. मैदानावरच्या झाडासारखंच, लांबच्या बाजूला चूक जास्त. "ज्येष्ठा ५५४ प्रकाशवर्षांवर आहे" असं छातीठोक लिहिणाऱ्याने यातला शेवटचा ४ कुठून आणला, असं विचारायला हरकत नाही. "सुमारे साडेपाचशे" हेच प्रामाणिक उत्तर.

पराशय ऋण आलेला दिसला तर घाबरू नका. तारा फार लांब आहे आणि मोजमापातला गोंगाट खऱ्या कोनापेक्षा मोठा झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा व्यस्त मात्र घेऊ नका. चूक पराशयाच्या वीस टक्क्यांच्या वर असेल तर साधा भागाकार सोडून द्यावा. आणि व्याध, अगस्ती यांच्यासारखे फार तेजस्वी तारे गायाच्या कॅमेऱ्याला झेपत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी जुन्या हिप्पार्कोसचाच आधार घ्यावा लागतो.

काक्षीचं अंतर प्रत्येक पुस्तकात वेगळं का?

कारण मृगातला हा तांबडा तारा मोजायलाच अवघड आहे. त्याचा पराशय पाच-सहा मिलिविकला, तर त्याचं स्वतःचं बिंब चाळीसच्या वर. म्हणजे ज्या वर्तुळाचा मध्य शोधायचा ते वर्तुळच सरकण्याच्या सात-आठ पट मोठं. त्यात त्याच्या पृष्ठभागावर प्रचंड तेजस्वी डाग येतात-जातात आणि प्रकाशाचा मध्य स्वतःच इकडेतिकडे हलतो. म्हणून सव्वाचारशेपासून सातशेवीसपर्यंत आकडे छापलेले सापडतात. सध्या ५०० ते ७०० प्रकाशवर्षं असं सांगावं.

कृत्तिकांची गोष्ट वेगळी. तिथे हिप्पार्कोसने सुमारे ३९० प्रकाशवर्षं सांगितली, तर बाकी सगळ्या पद्धती ४४० च्या आसपास सांगत होत्या. हा वाद वर्षानुवर्षं चालला, कारण हिप्पार्कोस खरं असेल तर ताऱ्यांच्या रचनेबद्दलची समजूत बदलावी लागली असती. आधी रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने आणि मग गायाने निकाल दिला: सुमारे ४४५. समजूत ठीक होती, यानाच्या मोजमापात गडबड होती.

पराशय संपतो तिथून पुढे कसं मोजतात?

तेजावरून. रस्त्यावरचा दिवा किती वॅटचा आहे हे माहीत असेल तर तो किती मंद दिसतो त्यावरून किती लांब आहे ते कळतं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई. अडचण एवढीच की आकाशातल्या दिव्यांवर वॅट छापलेले नसतात.

ते वाचायची युक्ती खगोल अभ्यासक हेन्रिएटा लेव्हिट हिला सापडली. लहान मॅजेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची काचेवरची छायाचित्रं तपासताना तिच्या लक्षात आलं की सेफीड प्रकारचा तारा जितका तेजस्वी तितका तो सावकाश उजळतो आणि मंदावतो. १९१२ साली तिने २५ ताऱ्यांचा आलेख प्रसिद्ध केला. मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे दिसायला तेजस्वी तो खरोखरच तेजस्वी. एकाच गावातले दिवे दुसऱ्या गावातून पाहावेत तसं.

पद्धत अशी: तारा किती दिवसांनी पुन्हा उजळतो ते मोजा, त्यावरून त्याची निरपेक्ष प्रत (१० पार्सेकवरून तो जेवढा तेजस्वी दिसेल त्याचा आकडा; तेज जास्त तितका आकडा लहान) काढा, दिसणाऱ्या प्रतीतून ती वजा करा, उरलेल्या आकड्यात ५ मिळवा, ५ ने भागा, दहाचा तेवढा घात म्हणजे पार्सेकमधलं अंतर. समजा निरपेक्ष प्रत उणे ४ आणि दृश्य प्रत २१. फरक २५, अधिक ५ म्हणजे ३०, भागिले ५ म्हणजे ६. दहाचा सहावा घात, दहा लाख पार्सेक, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं.

आता मधल्या धुळीने अर्धी प्रत प्रकाश खाल्ला आणि तो हिशोबात धरला नाही असं समजा. खरं अंतर २५.९ लाख प्रकाशवर्षं असेल आणि तुम्ही ३२.६ सांगत बसाल. धूळ नेहमी एकाच दिशेने फसवते, वस्तू आहे त्याहून लांब वाटते. म्हणून आता सेफीड अवरक्त प्रकाशात पाहतात, तो धुळीतून बराच सुटतो.

१९२३ साली खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने देवयानी दीर्घिकेत असा एक तारा शोधला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध केलं. त्याचा आकडा मात्र सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं होता, आज आपण २५ लाख म्हणतो. मुख्य कारण असं की सेफीड दोन जातींचे असतात आणि तेव्हा ते एकच समजले जात होते. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडने १९५२ साली हा फरक जाहीर केला आणि ज्ञात विश्व एका भाषणात जवळजवळ दुप्पट झालं.

सेफीडही दिसत नाहीत इतक्या लांब?

तिथे एका विशिष्ट प्रकारचे अतिनवतारे, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड स्फोट, कामाला येतात. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याच्या वजनाला चंद्रशेखर मर्यादा आहे, सूर्याच्या सुमारे १.४ पट, तिच्या आसपास पोहोचलेल्या बटूंचे स्फोट बरेचसे सारख्या तेजाचे होतात. 'बरेचसे' हा शब्द महत्त्वाचा. जो स्फोट हळू मंदावतो तो मुळात जास्त तेजस्वी असतो, ही दुरुस्ती केल्यावरच ते विश्वासार्ह ठरतात.

गुरुत्वीय लहरींनी, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणाऱ्या तरंगांनी, आणखी एक वाट दिली. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली. तिच्या आकारावरूनच अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं निघालं, मधल्या कुठल्याही पायरीचा आधार न घेता. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या अशा लहरी टिपणाऱ्या वेधशाळेकडून या कामात मोठी मदत अपेक्षित आहे, कारण लांबच्या खंडांवर यंत्रं असली की लहर आकाशात नेमकी कुठून आली ते कळतं.

ताम्रसृतीवरून अंतर कसं काढतात?

दीर्घिकेच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या बाजूला किती सरकल्या ते मोजायचं, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणायचं आणि हबल स्थिरांकाने, म्हणजे विश्व किती वेगाने प्रसरतं ते सांगणाऱ्या आकड्याने भागायचं. उत्तर दशलक्ष पार्सेकमध्ये येतं. अरुंधती केश तारकासमूहातला दीर्घिकांचा गुच्छ सेकंदाला सुमारे ६,९०० किलोमीटरने दूर जातो. स्थिरांक ७० धरला तर अंतर साधारण ३२ कोटी प्रकाशवर्षं.

पण स्थिरांक ७० च का? सेफीड आणि अतिनवताऱ्यांच्या शिडीने तो ७३ येतो, विश्वाच्या आद्य प्रकाशावरून प्लांक यानाने तो ६७.४ दिला. दोन्ही गट आपापल्या चुका तपासून बसले आहेत आणि फरक मिटत नाही. वरच्या गुच्छासाठी हा फरक ३१ की ३३ कोटी एवढाच.

जवळच्या दीर्घिकांना हे सूत्र लावू नका. देवयानी आपल्याकडे येते आहे, तिचं अंतर ऋण निघेल!

'जीएमआरटीने ८८० कोटी प्रकाशवर्षांवरचा संदेश टिपला' हे बरोबर आहे का?

अर्धं. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी खूप फिरली. नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणींनी, म्हणजेच जीएमआरटीने, एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची रेडिओ लहर पकडली होती. निघताना ती २१ सेंटिमीटरची होती, पोहोचेपर्यंत ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची झाली; ताम्रसृती १.२९. मधल्या दुसऱ्या एका दीर्घिकेने भिंगासारखं काम केलं म्हणून ती ऐकू आली. 'संदेश' वगैरे काही नव्हतं.

८८० कोटी हा प्रवासाचा काळ आहे, वर्षांमध्ये. पण लहर वाटेत असताना विश्व प्रसरण पावत होतं. लहर निघाली तेव्हा ती दीर्घिका सुमारे ५८० कोटी प्रकाशवर्षांवर होती, आज ती सुमारे १,३०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. शेजारच्या ताऱ्यांसाठी काळ आणि अंतर यांचा आकडा एकच असतो. इतक्या लांब गेल्यावर तिन्ही आकडे फुटतात. म्हणून अशा बातमीत 'वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश' असं लिहिणं सुरक्षित.

विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं, मग त्याची दिसणारी कड ४,६५० कोटी प्रकाशवर्षांवर कशी?

वरच्याच कारणाने. ज्या जागेवरून सर्वांत जुना प्रकाश निघाला ती जागा दरम्यान ताणली जाऊन तिथवर गेली आहे. कुणी प्रकाशापेक्षा जास्त वेगाने पळालं असं नाही, मधली जागाच वाढली.

आपण पाहतो ते तारे खरंतर कधीच मेलेले असतात ना?

हे वाक्य ऐकायला छान आहे, पण उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांबद्दल जवळपास चूकच. त्यातले बहुतेक काहीशे ते काही हजार प्रकाशवर्षांवर आहेत आणि त्यांचं आयुष्य कोट्यवधी वर्षांचं असतं. आज रात्री दिसणारे जवळजवळ सगळे तारे आत्ताही जागच्या जागी आहेत, अगदी काक्षीसुद्धा बहुधा.

शाळेसाठी सूर्यमालेची प्रमाणबद्ध प्रतिकृती करायची आहे. कोणतं प्रमाण घ्यावं?

एक खगोलीय एकक बरोबर एक मीटर. सूर्य नऊ मिलिमीटरचा, म्हणजे एक काबुली चणा. पृथ्वी त्यापासून एक मीटरवर, पण ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, टाचणीच्या टोकाने कागदावर टोचलेला ठिपका. नेपच्यून ३० मीटरवर, मैदानात सहज मावतो. हा चणा पुण्यात शनिवारवाड्यासमोर ठेवला तर एक प्रकाशवर्ष सरळ रेषेत खोपोलीच्या आसपास येतं आणि दुसरा चणा, म्हणजे मित्र (अल्फा सेंटॉरी) हा सूर्याशेजारचा तारा, मालवणच्या जवळपास. ग्रहांचे आकार दिसावेत म्हणून ते मोठे करू नका. एकाच प्रतिकृतीत अंतराचं प्रमाण एक आणि आकाराचं दुसरं ठेवलं की मुलांच्या डोक्यात कायमचं चुकीचं चित्र बसतं.

यातलं महाराष्ट्रातून काय दिसतं?

मित्र दिसतो, पण दक्षिण क्षितिज मोकळं हवं. मेच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास तो सर्वांत वर असतो तेव्हाही पुण्याहून जेमतेम साडेदहा अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा क्षितिजावर येतो. गोव्यातून तेरा-चौदा अंश. शेजारचा तेजस्वी तारा मित्रक, तो काहीशे प्रकाशवर्षांवर आहे. दोघं जोडीने दिसतात म्हणून शेजारी समजू नयेत. प्रॉक्झिमा मित्राच्या जवळच आहे, पण दुर्बिणीशिवाय दिसत नाही.

देवयानी दीर्घिकेसाठी नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, अमावास्येच्या आसपासची रात्र, नऊची वेळ. उत्तरेकडे तोंड करून डोक्यावरून साधारण दोन मुठी खाली या. गावापासून लांब अंधारात असाल तर फिकट लांबट ठिपका दिसेल. थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली की तो जास्त ठळक होतो.